झाकणाच्या आतली चिठ्ठी

माधवअण्णा, शर्वरी, आणि इंदूअक्कांसाठी आज इथे जमलेल्या सर्व स्नेह्यांनो,

दारातून आत येताना तुम्हा प्रत्येकाच्या हातात एक पाकीट दिलं गेलं आहे. खाकी कागदाचं, तळहाताएवढं. त्यावर अक्कांचं हस्ताक्षर आहे. माझी विनंती आहे, ते पाकीट आत्ता उघडू नका. ज्यांनी उघडून पाहिलं असेल त्यांनी शेजाऱ्याला काही सांगू नका. ते रिकामं का आहे, हे सांगण्याचं काम अक्कांनी माझ्यावर सोपवलं आहे.

मी आयुष्यभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं. बोलायला उभं राहताना मला कधी भीती वाटली नाही. आज वाटते आहे. हा नुसता शोक आहे असं म्हणता आलं असतं, तर किती बरं झालं असतं! शोक आहेच. पण भीतीही आहे.

तेव्हा जे मला येतं तेच करतो. क्रमाने सांगतो.

अक्कांना तुम्ही सगळे ओळखता. येलहंक्याच्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं. त्यांचं घराणं इतक्या पिढ्या या गावात आहे की त्यांच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होते हे त्यांनाही सांगता येत नसे. मी निवृत्तीनंतर बेळगावाहून इथे आलो. पहिल्याच भेटीत मी त्यांच्या गच्चीवरच्या तुळशीचं शास्त्रीय नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. आता तिला पाणी कोण घालणार ते सांगा, मास्तर." त्या दिवसापासून मी मास्तर झालो. प्राध्यापक म्हणवून घ्यायची माझी फार इच्छा होती. ती त्यांनी कधी पुरी होऊ दिली नाही.

आमची तीन घरं होती: अक्कांचं, कुमुदचं आणि माझं. गच्च्या वेगळ्या, पण स्वयंपाकघर जणू एकच. कैऱ्या आल्या की लोणचं अक्कांकडे. उन्हं तापली की सांडगे माझ्या गच्चीवर. आणि थंडीत, अवऱ्याच्या दिवसांत, हितकवण्याचा रविवार.

नव्या मंडळींसाठी हे थोडं विस्ताराने सांगतो. अवरे म्हणजे आपला पावटा. दाणे भिजवायचे. भिजले की एकेक दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरायचा आणि दाबायचा. साल हातात राहते, आतलं डाळिंबीसारखं पिवळट बी टपकन पातेल्यात पडतं. या दाबण्याला कन्नडात जो शब्द आहे त्याला मराठी शेपूट लावून आमची मंडळी 'हितकवणं' म्हणतात. दाण्याला एक स्निग्ध, किंचित उग्र वास असतो. त्याला इथे सोगडु म्हणतात. चांगल्या अवऱ्याचा सोगडु दोन दिवस बोटांवरून जात नाही. किती सुंदर गोष्ट आहे पाहा, सुगंध असा बोटांवर...

क्षमा करा. मी पुन्हा शिकवायला लागलो.

त्या रविवारचे आमचे दोन नियम होते. दोन्ही मीच केलेले. पहिला: प्रत्येकाने आपला वाटा आणायचा, येता येत नसेल तर डब्यातून पाठवायचा, आणि सगळ्यांचे दाणे एकाच पातेल्यात भिजवायचे. कुणाचं कोणतं हे विचारायचं नाही. दुसरा नियम सगळ्याच डब्यांचा होता, मग आत बी असो, लोणचं असो की सांडगे असोत. चिठ्ठी डब्याच्या बाहेर लावायची नाही. उन्हाने शाई उडते, पाण्याने कागद सुटतो. चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायची. डबा उघडला की आधी चिठ्ठी वाचायची, मग आत हात घालायचा. हा नियम मी फळा लावून समजावला होता. खरोखरच फळा लावून. अक्का म्हणाल्या होत्या, "एवढं लक्षात ठेवायला आम्ही काय तुमचे विद्यार्थी आहोत होय?" पण तिघांमध्ये तो नियम कसोशीने पाळला त्यांनीच.

आता त्यांच्या अवऱ्याबद्दल. अक्कांच्या आईने लग्नात त्यांना मूठभर बी दिलं होतं. आईला तिच्या आईकडून मिळालेलं. तो वेल अक्कांनी दर वर्षी लावला. आधी परसात होता, परस गेल्यावर गच्चीवर आला. दर वर्षी पहिल्या शेंगा कुणी तोडायच्या नाहीत, त्या वेलावरच वाळू द्यायच्या, ते बी. आणि दर वर्षी त्या आम्हा दोघांना एकेक मूठ बी द्यायच्या. नुसतं आम्हालाच नव्हे. या सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी ती मूठ दिलेली आहे.

मी विचारतो. मनापासून विचारतो, भाषणातला प्रश्न नाही हा. ज्यांच्याकडे अक्कांच्या अवऱ्याचं बी आज शिल्लक आहे, त्यांनी हात वर करावा.

मागे कुणी? खिडकीजवळ?

नाही.

मला ठाऊक होतं. गेल्या वर्षभरात मी तुमच्यापैकी बहुतेकांना फोन केला होता, काहीतरी सबब सांगून. कुणी ते बी आमटीत घातलं. कुणी कुंडीत लावलं, पण वेल फार पसरतो म्हणून काढून टाकलं. कुणाला मी स्वतः सांगितलं होतं की हे जुनं वाण सोडा, बाजारात सुधारित बी मिळतं, बुटकं, दोन महिन्यांत फुलणारं. अक्कांच्या समोर सांगितलं होतं. "अक्का, तुमचं हे जतन वगैरे शास्त्र नव्हे, ही नुसती सवय आहे." त्या हसल्या होत्या. सगळेच हसले होते. माझं वाक्य तुम्हाला आवडलं होतं.

मी माझ्या आठ मुठींचं काय केलं? आठही वर्षं खाल्ल्या.

गेल्या जानेवारीत अक्का पहिल्यांदा इस्पितळात गेल्या. हितकवण्याच्या आदल्या दिवशी माधवअण्णा इस्पितळात जाता जाता माझ्या इमारतीच्या फाटकाशी थांबले आणि पहारेकऱ्याकडे एक डबा ठेवून गेले. घाईत होते. पहारेकरी वर आला आणि म्हणाला, "येलहंक्याच्या अण्णांनी दिलाय." पितळी डबा, फडक्यात बांधलेला. मला वाटलं, येता येत नाही म्हणून अक्कांनी आपला वाटा पाठवला. ताज्या दाण्यांच्या दिवसांत वाळलेले दाणे का पाठवले, असा प्रश्न मला पडला. त्याचं उत्तरही मीच देऊन टाकलं: आजारी बाई, घरात होतं ते दिलं. स्पष्टीकरण देण्याची सवय असलेल्या माणसाला प्रश्न फार वेळ छळत नाहीत.

मी फडकं सोडलं. झाकण काढलं. आणि झाकण ओट्यावर ठेवलं. चिठ्ठीची बाजू खाली.

कुमुद तेव्हा माझ्याकडे होती. कोरमंगल्याहून तिचा वाटा घेऊन आली होती. मी तिला दाणे दाखवले. टपोरे, सगळे एका मापाचे, डोळ्याशी काळी रेघ असलेले. मी म्हणालो, "कुमुद, निवड कशी असावी ते पाहा. असे दाणे खरं म्हणजे बियाण्यालाच ठेवावेत."

असं म्हणालो. आणि पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते हितकवले. हसत, गप्पा मारत. सोगडु इतका होता की जिन्यातले लोक डोकावून गेले. आमटी झाली. पानं उठली. मग डबा धुवायला घेतला, झाकण उलटं केलं, आणि चिठ्ठी वाचली. ते बी होतं. शेवटचं. गच्चीची डागडुजी निघाल्यामुळे त्या हंगामात वेल लावता आला नव्हता, म्हणून आदल्या वर्षीचं सगळं बी त्यांनी माझ्याकडे सांभाळायला पाठवलं होतं. चिठ्ठीत आणखी काय होतं ते शेवटी सांगतो. ते आत्ता सांगितलं तर मला पुढचं बोलता येणार नाही.

कुमुद रडायला लागली. मग म्हणाली, "सर, प्लीज, आत्ता काही सांगू नका. त्यांची ट्रीटमेंट सुरू आहे. आपण नंतर हँडल करू ना." कुमुदला दोष देऊ नका. ती तिशीतली मुलगी आहे, तिने दयेपोटी म्हटलं. मी मान्य केलं ते दयेपोटी नव्हे. जो माणूस फळा लावून नियम शिकवतो, त्याने तोच नियम मोडला हे उघड व्हायला नको होतं. एवढंच कारण होतं. इस्पितळाचं नाव मी निमित्ताला वापरलं.

आणि त्या संध्याकाळी आम्ही आणखी एक गोष्ट केली. पद्धत म्हणून केली. जो येऊ शकला नाही त्याच्या घरी आमटीचा डबा जातो. तसा अक्कांना इस्पितळात गेला. मी स्वतः नेला.

त्यांनी एक घास घेतला. थांबल्या. मला विचारलं, "सोगडु आहे हो, मास्तर. कुठल्या बाजारचे?"

मी म्हणालो, "मल्लेश्वरमचे."

"हं," त्या म्हणाल्या. "चांगला बाजार आहे."

आषाढ आला. अक्का घरी होत्या, पण अंथरुणावर. त्यांचा फोन आला. "मास्तर, पेरलंत?" मी म्हणालो, "पेरलं." मग धावत जाऊन दुकानातून सुधारित बियांचं पाकीट आणलं आणि खरोखरच पेरलं. अक्का म्हणाल्या, "मला चढवत नाही तुमच्या गच्चीवर. दर आठवड्याला लिहून कळवाल का? तुम्ही नीट लिहिता."

स्नेह्यांनो, मी लिहिलं. एकूण अठरा अहवाल लिहिले. उंची सेंटिमीटरमध्ये, पानांची संख्या, मातीचा ओलावा, किडीची तपासणी. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही की मला लिहिताना आनंद होत होता. तिसऱ्या आठवड्यानंतर मी खोटं लिहितो आहे हेही विसरलो. वाढणारं झाड समोर असलं की मला दुसरं काही आठवत नाही. गणपतीच्या दिवसांत पहिलं फूल आलं. मी लिहिलं, "आज पहिलं फूल! शुभ्र पांढरं!"

दर रविवारी चार वाजता त्यांचा फोन यायचा.

"वेल कसा आहे?"

"उत्तम."

"माझी आठवण काढतो का?"

"काढतो की. लवकर बऱ्या व्हा म्हणतो."

"अरे वा! वेलालासुद्धा खोटं बोलायला शिकवलंत!" आणि त्या हसायच्या. मीही हसायचो. मला वाटायचं, तब्येतीबद्दल बोलत आहेत.

कधी म्हणायच्या, "या वेळी स्वल्प मोठा अहवाल लिहा. वेळ जात नाही." मी मोठा लिहायचो. कधी म्हणायच्या, "फुलं मोजून कळवा, रोज सकाळी." मी साठी उलटलेला माणूस रोज सकाळी डोळ्याला चष्मा लावून दुसऱ्याच झाडाची फुलं मोजत होतो. दिवाळी झाल्यावर एका रविवारी फोन आला नाही.

आज तेरावा दिवस आहे. सकाळी इथे आलो तर शर्वरी दारात भेटली. इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते, दिवसभर संगणकासमोर असते. बागेशी तिचा कधी संबंध नव्हता. आई म्हणायची, "माझी लेक प्लास्टिकची फुलंसुद्धा वाळवेल." ती मला म्हणाली, "काका, मी बाल्कनीत ड्रम आणून ठेवलाय. माती भरलीये. आईचं बी तुमच्याकडे आहे ना? आत्ता लावलं तर चालेल, की आषाढापर्यंत थांबू?"

मी काय केलं असेल? मी तिला मातीचं प्रमाण सांगितलं. दोन भाग माती, एक भाग शेणखत, थोडी वाळू, तळाला खापऱ्या. पाच मिनिटं सांगितलं. ती मोबाईलवर टिपून घेत होती. द्यायला बी नाही हे ठाऊक होतं, आणि तरीही खापऱ्या कशा मांडायच्या ते मी हाताने करून दाखवलं.

शर्वरी, बस. उठू नकोस. अजून संपलं नाही.

त्यानंतर माधवअण्णांनी मला बाजूला घेतलं आणि एक फाईल हातात दिली. म्हणाले, "इंदूनं सांगितलं होतं, मास्तर बोलायला उभे राहतील त्याच्या आधी द्यायची." आत माझे अठरा अहवाल होते. गणिताच्या बाईंनी लाल पेनाने तपासलेले.

मी वाचून दाखवतो. तपासलेला पेपर सगळ्या वर्गापुढे वाचून दाखवण्याची पद्धत माझीच होती.

पहिला अहवाल. मी लिहिलं आहे: चौथ्या दिवशी उगवलं. समासात लाल शाईत: "माझं सहाव्या दिवशी उगवतं."

पाचवा. मी: पानं गुळगुळीत, तजेलदार. लाल शाई: "माझ्या पानाला लव असते. हात लावून पाहिलं नाही कधी."

नववा. पहिलं फूल, शुभ्र पांढरं. लाल शाई, दोन रेघांसकट: "उद्गारचिन्ह खरं. फूल खोटं. माझं फूल जांभळं, आणि दिवाळीआधी येत नाही."

जांभळं! आठ हिवाळे मी त्यांच्या गच्चीवर त्याच वेलाखाली बसून कॉफी प्यायलो. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय जुन्या अवऱ्याला कळी येत नाही, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. आणि मान वर करून फुलाचा रंग मी एकदाही पाहिला नव्हता.

बारावा. समासात फक्त: "लिहितात छान. चालू दे."

आणि अठरावा. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला हे आहे. जसं आहे तसं वाचतो.

"मास्तर, अहवालावरून ओळखलं असं समजू नका. जानेवारीतच ओळखलं, पहिल्या घासाला. माझ्या आईच्या घरचा सोगडु मला मल्लेश्वरमचा वाटेल होय? तुम्ही जाईपर्यंत थांबले आणि मग डबा सगळा खाल्ला. यांना विचारा. तीन आठवड्यांत अन्न गेलं नव्हतं, पण एक दाणा ठेवला नाही. दुसऱ्या कुणी खायच्या आधी मीच संपवते म्हटलं. तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली. मग मजा वाटायला लागली. मग राग आला. मग परत मजा. शर्वरीला मी सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं. सगळ्यांसमोर सांगायचं, कारण मला सवयीची बाई म्हणालात तेही सगळ्यांसमोर. पाकिटं मी करून ठेवली आहेत."

पाकिटं त्यांनी अंथरुणावर बसून स्वतः चिकटवली. शंभराहून जास्त. प्रत्येकावर एकच मजकूर लिहिला. आता पाहा. "आषाढात पेरा. एका खड्ड्यात दोन दाणे. दिवाळीआधी फूल आलं तर ते माझं नव्हे."

लोक मला आत्ताच कुजबुजत सांगतील, अक्का तेवढ्या कठोर नव्हत्या, आजारपणात माणूस असं लिहितो. नाही. त्या कठोर होत्या आणि शुद्धीवर होत्या. त्यांनी मला पूर्ण गुण देण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडे दिली होती, आणि मी ती शिजवून त्यांनाच वाढली. त्यांनी माफ केलं असतं तर मी घरी जाऊन जेवलो असतो. त्यांना ते ठाऊक होतं.

शर्वरी, तुझ्या ड्रममध्ये लावायला माझ्याकडे काही नाही. माझ्याकडे नाही, कुमुदकडे नाही, या सभागृहात कुणाकडेही नाही. आपण हात वर करून मोजलं. दुसरं बी आणून देतो असं मी म्हणणार नाही. मी तुझ्या आईला तेच अठरा आठवडे दिलं. माती ओली ठेवू नकोस. निदान माझ्या सांगण्यावरून ठेवू नकोस.

हा तो डबा. मी घासून आणला आहे, पण झाकणाला पाणी लावलेलं नाही. आता चिठ्ठी पूर्ण वाचतो, नियमाप्रमाणे, जी मी डबा उघडल्याबरोबर वाचायला हवी होती.

"शर्वरीचं बी. तिला अजून कळत नाही, कळेल तेव्हा द्यायचं. तोवर मास्तरांकडे. त्यांच्याइतकं नीट कुणी ठेवत नाही."

अक्का, वाचली.

आपण सर्वांनी आता उभं राहावं. दोन मिनिटं काही बोलू नये. पाकीट खिशात घालू नका, घडी करू नका, तळहातावर उघडं धरा. अण्णा, तुम्ही बसूनच राहा.

शर्वरी, तुला बाहेर जायचं असेल तर जा. दार मी धरतो.